‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी

बॉस्टनमधल्या एका वृद्धसेवा केंद्रात डॉ. मारिया फियातारोने यांनी केलेला एक प्रयोग १९९० साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात भाग घेणारे दहा जण ८६ ते ९६ वर्षांचे होते. कुणाला संधिवात, कुणाला हृदयविकार, कुणाचे हाड पूर्वी मोडलेले. त्यांना हात वर, हात खाली अशी हलकी कवायत दिली नव्हती. पायाने एकदाच जेमतेम उचलता येईल असे वजन आधी मोजले आणि त्याच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचे वजन आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे उचलायला लावले. एकाने मध्येच सोडले, नऊ जणांनी पूर्ण केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे पावणेतीन पट झाली. मांडीचा स्नायू सुमारे नऊ टक्क्यांनी भरला. दोघांची काठी सुटली. हात टेकल्याशिवाय खुर्चीतून उठू न शकणाऱ्या तिघांपैकी एक जण आपला आपण उठू लागला. नंतर सराव थांबवला, तर चारच आठवड्यांत ताकद ३२ टक्क्यांनी घसरली.

या प्रयोगाचा आकार लहान होता, म्हणून त्याच संशोधकांनी पुढे शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. तो १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्या शंभर जणांचे सरासरी वय ८७ होते. व्यायाम करणाऱ्यांची ताकद तिथेही दुपटीहून अधिक झाली, चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची क्षमता वाढली. नव्वदीतला स्नायूसुद्धा काम दिले की वाढतो आणि काम काढून घेतले की झडतो, हे तेव्हापासून वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. या गोष्टीला तीस वर्षे उलटली. आपल्या घरांत, दवाखान्यांत आणि नगरपालिकांत मात्र ती अजून पोहोचलेली नाही.

आपल्याकडे साठी-पासष्टी उलटली की घरातल्या माणसाच्या हातून एकेक काम प्रेमाने काढून घेतले जाते. “आई, तुम्ही बसा, मी बघते.” “बाबा, गिरणीचा डबा तुम्ही उचलू नका.” “आजी, पाणी मी आणून देतो.” भाजी मोबाइलवरून येते. विजेचे बिल घरबसल्या भरले जाते. गच्चीवर कपडे वाळत घालायला दुसरे कुणी जाते, कारण जिन्याची भीती. प्रत्येक वाक्यामागे माया आहे, आदर आहे, यात शंका नाही. पण दिवसभरात ज्या चाळीस-पन्नास वेळा ते शरीर उठायचे, वाकायचे, उचलायचे, वळायचे, त्या सगळ्या वेळा या मायेने हिरावल्या जातात. वर्षभराने तेच माणूस जिना चढताना थांबू लागते आणि घरचे म्हणतात, वय झाले. वय झाले हे खरेच. पण त्या थकव्यातला मोठा वाटा वयाचा नसून बसवून ठेवण्याचा असतो, आणि तो भरून काढता येतो.

हा वाटा किती मोठा, याचा एक पुरावा डॅलसमध्ये मिळाला. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना संशोधकांनी तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवले आणि श्रमाच्या वेळी त्यांचे शरीर किती प्राणवायू वापरू शकते ते आधी आणि नंतर मोजले. तीस वर्षांनी तीच पाच माणसे पुन्हा तपासली गेली. आता ती पन्नाशीत होती, वजने वाढली होती. तरीही तीस वर्षांच्या आयुष्याने त्यांच्या क्षमतेची जेवढी हानी केली होती, त्याहून जास्त हानी विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने केली होती. मग त्यांच्याकडून सहा महिने चालणे, धावणे, सायकल असा हळूहळू वाढत जाणारा सराव करून घेतला. वयाने झालेली घट भरून निघाली.

ही गोष्ट तरुणांची. वयस्क शरीराला अंथरूण आणखी महाग पडते. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त दहा दिवस झोपवून ठेवल्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. दहा दिवसांत त्यांच्या पायांतून जवळपास एक किलो मांस गेले आणि ताकद सुमारे १६ टक्क्यांनी उतरली. आपल्याकडे साध्या तापानंतर सत्तरीतल्या माणसाला सर्रास सांगितले जाते, “पंधरा दिवस आराम करा.” घरचे ते अक्षरशः पाळतात. दूध पलंगावर, जेवण पलंगावर, शक्य तर भांडेही पलंगाशी. ताप जातो, पण पंधरा दिवसांनी ते माणूस भिंत धरून चालते. डॉक्टरांनी आराम लिहून देताना तो कोणत्या अवयवाला, किती दिवस, आणि त्या काळात दिवसातून किती वेळा उठून चालायचे, हेही लिहून द्यावे. गोळीवर ‘दिवसातून दोनदा, जेवणानंतर’ लिहितात, तेवढाच तपशील इथेही हवा.

एखाद्या घरात दिवाणखान्यातल्या सोफ्यावरून पंचाहत्तरीची बाई कशी उठते ते नीट पाहावे. आधी ती पुढे सरकते, सोफ्याच्या कडेपर्यंत. पाय मागे घेते. दोन्ही तळवे मांड्यांवर रोवते. एकदा पुढे झोक देते, उठत नाही, मागे टेकते. दुसऱ्यांदा झोक देते. तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन काखेत हात घालते आणि तिला उभी करते. त्या क्षणी तिच्या मांडीच्या पुढच्या स्नायूंना दिवसातले सर्वांत मोलाचे काम मिळणार होते, ते गेले. तिसऱ्या झोकाला ती कदाचित उठली असती. शेजारी उभे राहावे, ती पडणार नाही एवढे पाहावे आणि तिसरा झोक तिला देऊ द्यावा. सोफा फार खोल आणि मऊ असेल, तर तिच्यासाठी टणक, थोडी उंच खुर्ची आणावी आणि त्या खुर्चीतून रोज दहा वेळा उठबस करू द्यावी. ताकद वाढली की उंची कमी करत न्यावी. यात यंत्र नाही, खर्च नाही.

जमिनीवरून उठणे हा त्याचाच पुढचा टप्पा. ब्राझीलचे डॉ. क्लाउदिओ अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना एक साधी गोष्ट करायला सांगितली. आधार न घेता जमिनीवर बसायचे आणि उठायचे. दहापैकी गुण द्यायचे, हात किंवा गुडघा टेकला की गुण कापायचा. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांना आठ किंवा अधिक गुण मिळाले, त्यांच्या तुलनेत तीन किंवा कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढच्या काही वर्षांतले मृत्यू पाच पटींहून अधिक होते. उठता आले की आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही. ताकद, तोल आणि सांध्यांची लवचीकता या तिन्हींचा हिशेब त्या एका हालचालीत दिसतो, एवढा अर्थ आहे.

महाराष्ट्रात दोन पिढ्यांपूर्वी ही परीक्षा रोज अनेकदा व्हायची. पाटावर जेवण, जमिनीवर निवडणे-टिपणे, सतरंजीवर भजन, उकिडवे बसून धुणीभांडी. जेवणाचे टेबल, कमोड, उभा ओटा आणि पलंग यांनी ती सगळी संपवली. जुन्या दिवसांसाठी गळा काढण्याचे कारण नाही. त्या उकिडव्या बसण्याने असंख्य बायकांचे गुडघे आणि कंबरा गेल्या, आणि झिजलेल्या गुडघ्याच्या माणसाला कमोड ही मोठीच सोय आहे. पण जे गेले त्याच्या जागी काय आणले, हे विचारायला हवे. ज्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत अशा साठीतल्या माणसांनी दिवसातून एक चहा तरी जमिनीवर मांडी घालून प्यावा, एवढे घराघरांत सहज होण्यासारखे आहे.

इथे एक आक्षेप रास्त आहे. ही सगळी चिंता सोफा असलेल्या घरांची, असे कुणी म्हणेल. मराठवाड्यातली सत्तरीची शेतमजूर बाई आजही खुरपायला जाते, शहरातली पासष्टीची मोलकरीण चार घरची भांडी घासते, तिला व्यायाम सांगायचा का? तिला व्यायामाचे प्रवचन देणे क्रूरच ठरेल. तिला हवी आहे पुरेशी पेन्शन आणि वेळेवर उपचार. शिवाय श्रम आणि व्यायाम यांचा शरीरावर होणारा परिणाम एकसारखा नसतो. व्यायामात भार हळूहळू वाढतो, मधे विश्रांती मिळते, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना काम मिळते आणि थकले की थांबण्याचा हक्क असतो. दिवसभर एकाच अवस्थेत वाकून खुरपण्यात यातले काहीच नाही. म्हणून त्या बाईचे हात काटक असतात, पण पाठ गेलेली असते, आणि एका पायावर उभे राहायला सांगितले तर तीही डगमगते. खेड्यातले म्हातारे काबाडकष्ट करतात, त्यांना काही होत नाही, हा शहरी समज आहे. ज्यांना आयुष्यभर फार श्रम झाले आणि ज्यांना फार थोडे होतात, त्या दोघांनाही नीट मापलेल्या हालचालीची गरज आहे. फक्त पहिल्यांना आधी विश्रांती आणि पोटभर प्रथिने द्यावी लागतील.

कामातली हालचाल उपकारक ठरते ती कधी, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. डॉ. जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांचे चालक आणि वाहक यांची तुलना केली आणि १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघांची वस्ती तीच, बस तीच. चालक दिवसभर बसलेला, वाहक तिकिटे द्यायला दिवसातून शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. हृदयविकाराचे, आणि त्यातही त्याने येणाऱ्या लवकर मृत्यूंचे, प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी निघाले. शारीरिक हालचाल आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी मांडणारे हे पहिले मोठे काम. मॉरिस स्वतः पुढे नव्याण्णव वर्षे जगले आणि उतारवयातही व्यायाम करत राहिले.

आता चालण्याविषयी. महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाने ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे सकाळचा फेरफटका असे ठरवून टाकले आहे. पुण्यात पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, मुंबईत शिवाजी पार्कचा कट्टा, नाशिकला गोदाकाठ, प्रत्येक शहराची अशी जागा आहे आणि तिथले सकाळचे दृश्य खरोखर आनंदाचे असते. चालण्याचा फायदा वादातीत आहे. अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार स्त्रियांवरचा डॉ. आय-मिन ली यांचा अभ्यास २०१९ साली आला. रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होते, आणि ७,५०० पावलांच्या पुढे त्यात फारशी भर पडत नव्हती. दहा हजार पावलांचा जो आकडा घड्याळे आणि मोबाइल सांगतात, तो १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. त्या आकड्याच्या धास्तीने सत्तरीतल्या कुणी घराबाहेर पडणेच सोडू नये. दोन हजारांवरून चार हजारांवर जाणे ही मोठी कमाई आहे.

पण चालणे पुरत नाही. सपाट रस्त्यावर संथ चालताना मांडीचे जे वेगवान तंतू ठेच लागताच पाय पुढे टाकून माणसाला सावरतात, त्यांना जवळजवळ काम नसते, आणि वयाबरोबर आधी झडतात ते हेच तंतू. रोज पाच किलोमीटर चालणारे आजोबा न्हाणीघरात घसरतात आणि खुब्याचे हाड मोडते, तेव्हा सगळ्यांना नवल वाटते. नवल वाटू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढच्यांसाठी तीन गोष्टी आहेत. आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटे दम वाढवणारी हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंना भार देणारा व्यायाम, आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारा मिश्र सराव. आपण पहिली गोष्ट उचलली आणि उरलेल्या दोन सोडून दिल्या. तोलाच्या सरावाचे मोल किती, तर २०१९च्या कॉक्रेन आढाव्यात शंभराहून अधिक चाचण्या आणि तेवीस हजारांवर माणसे एकत्र तपासली, तेव्हा व्यायामाने घरी राहणाऱ्या वृद्धांचे पडणे २३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले.

आणि सकाळच्या त्या टेकड्यांवर बायका किती दिसतात? २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. साठीतल्या बाईची सकाळ सहाला सुरू होते ती डब्यांसाठी आणि नातवाच्या शाळेसाठी. आजोबा फिरून येतात तेव्हा ती चहा टाकत असते. तिचे दिवसभराचे काम घरातल्या घरात, थोड्या पावलांचे, दम न लागणारे, आणि ओट्याशी तासन्‌तास उभे राहण्याचे. वृद्धांच्या व्यायामावर बोलताना तिला वेळ कोण काढून देणार हा प्रश्न टाळला, तर बाकीचे सगळे बोलणे निम्म्या म्हाताऱ्यांपुरतेच राहते. सकाळचा चहा आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या कुणी करावा. उपाय इतका घरगुती आहे.

गुडघे दुखतात म्हणून हालचाल बंद, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी सबब, आणि ती खोटी नाही, दुखते ते दुखतेच. पण झिजलेल्या गुडघ्यावर आज जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांत पहिला उपचार म्हणून व्यायामच सांगितला जातो. मांडीचा स्नायू बळकट झाला की सांध्यावरचा ताण तो वाटून घेतो. सुरुवात खुर्चीत बसून पाय सरळ करण्यापासून करता येते. पडण्याची भीतीही अशीच. एकदा पडलेले माणूस घाबरून हालचाल कमी करते, त्याने पाय आणखी दुबळे होतात, आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. छातीत दुखणे, चक्कर, नुकतेच झालेले ऑपरेशन असेल, तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. बाकी बहुतेकांच्या बाबतीत व्यायामापेक्षा बसून राहणेच जास्त धोक्याचे आहे. ताकद वाढवायची तर ताटात डाळ, उसळ, दही, अंडे, मासळी यांपैकी काहीतरी रोज पुरेसे हवे. भात-वरणाच्या पातळ जेवणावर आणि संध्याकाळच्या चहा-बिस्किटावर स्नायू उभा राहत नाही.

अशक्त शरीराला व्यायाम कसा जुळवून द्यायचा, याचे थोर उदाहरण पुण्यातच घडले. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, लोड, पट्टा, लाकडी ठोकळे आणि भिंतीला बांधलेल्या दोऱ्या वापरून आसने अशी बसवली की ज्याला वाकता येत नाही त्यालाही ती करता यावीत. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत जगभरातून विद्यार्थी येत राहिले, आणि स्वतः अय्यंगार नव्वदी ओलांडल्यावरही रोजचा सराव करत होते. २०१४ साली, ९५व्या वर्षी ते गेले. माणसाला आसनात कोंबायचे नाही, आसन माणसापर्यंत आणायचे, ही त्यांची दृष्टी वृद्धांच्या प्रत्येक व्यायामवर्गात यायला हवी. योगाने तोल आणि लवचीकता मिळते, थोडी ताकदही. योगाला वाढत्या वजनाची जोड द्यावी लागेल, एवढेच.

इथवर घराची जबाबदारी झाली. उरलेली जबाबदारी रस्त्याची आहे, आणि ती अधिक जड आहे.

वयोवृद्ध धावपटू फौजा सिंग यांनी वयाच्या ८९व्या वर्षी शर्यतींसाठी धावायला सुरुवात केली आणि २०११ साली शंभराव्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन सव्वाआठ तासांच्या आत पूर्ण केली. १४ जुलै २०२५ रोजी, ११४व्या वर्षी, पंजाबमधल्या आपल्याच गावाजवळ पायी जात असताना एका भरधाव गाडीने त्यांना उडवले आणि ते गेले. शरीराने साथ दिली, रस्त्याने दिली नाही. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत ३२,८२५ पादचारी होते. असा रस्ता दारासमोर असताना मुलगा आईला “एकटी बाहेर जाऊ नकोस” म्हणतो, तेव्हा त्याला दोष देता येत नाही.

भारतीय रस्ते परिषदेची पादचाऱ्यांसाठीची मानके स्पष्ट आहेत. फुटपाथ किमान १.८ मीटर रुंद, मोकळा, आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात एखाद्या फुटपाथवर टेप घेऊन उभे राहावे. कड फूटभर उंच, मधे विजेची डीपी, झाडाचे आळे, उखडलेले पेव्हर ब्लॉक, दुचाक्या, आणि दर पंधरा पावलांवर सोसायटीच्या गेटसाठी केलेला उतार. तरुण माणूस कंटाळून रस्त्यावर उतरतो, म्हातारे माणूस घरी बसते. सिग्नलचेही तेच. रस्ता ओलांडायला माणूस सेकंदाला १.२ मीटर चालेल असे सर्वसाधारण गृहीत असते, तर इंग्लंडमधल्या पासष्टीपुढच्यांच्या पाहणीत सरासरी वेग पुरुषांचा ०.९ आणि स्त्रियांचा ०.८ मीटर निघाला. म्हणजे हिरवा दिवा संपतो तेव्हा म्हातारी रस्त्याच्या मधोमध असते. पुणे महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केले, दर ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिनही होतो. तो एक दिवस फार सुंदर असतो. उरलेल्या दिवसांचे काय, हे नगरसेवकांना विचारण्याचा अधिकार ज्येष्ठांनी वापरायला हवा. शेवटी तेही मतदार आहेत.

बाकांचा आणि स्वच्छतागृहांचा प्रश्न तर कुणी मोजतच नाही. लघवीची घाई असलेले वयस्क माणूस तासाभराच्या वाटेवर स्वच्छतागृह नसेल तर निघतच नाही. बाईच्या बाबतीत हे दुप्पट खरे.

शासनाने नकळत एक चांगली गोष्ट केली आहे. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. या योजनेकडे सवलत म्हणून पाहिले जाते, पण ती आरोग्ययोजनाही आहे. बसने जाणारे माणूस थांब्यापर्यंत चालते, उभे राहते, पायऱ्या चढते, उतरून पुन्हा चालते. इंग्लंडमध्ये वृद्धांना मोफत बसपास मिळाल्यानंतरच्या पाहणीत पासधारक अधिक चालतात असे दिसले. त्याच एसटीची पहिली पायरी इतकी उंच आहे की सत्तरीतल्या बाईला मागून ढकलून चढवावे लागते. सवलत दिली, आता पायरीही खाली आणावी.

माणसे किती चालू शकतात, हे बघायचे असेल तर आषाढात पालखीच्या वाटेवर उभे राहावे. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिंडीत सत्तरीच्या, पंचाहत्तरीच्या बायका असतात, डोक्यावर तुळस, पायांत साध्या चपला. यांपैकी कित्येकींना एरवी घरचे बाजारापर्यंत एकटे सोडत नाहीत. वारीत त्या चालतात, कारण सामान ट्रकमध्ये असते, ठरलेल्या अंतरावर विसावा असतो, पाणी-जेवण असते, पाय चेपणारे असतात, आणि आजूबाजूला आपल्या वयाची, आपल्या गतीची माणसे असतात. श्रद्धा मोठी, पण तिच्या पाठीशी शतकानुशतके घोटून तयार झालेली व्यवस्था आहे. ती व्यवस्था वर्षातले वीस दिवस उभी राहते. गावात आणि मोहल्ल्यात तिचा लहानसा अंश वर्षभर उभा करता येतो.

जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या कोची शहराने तसे केले. २००२ साली तिथल्या महापालिकेने वृद्धांसाठी ताकदीच्या व्यायामाचा एक कार्यक्रम सुरू केला. नाव साधारण ‘उत्साहाने शंभरीची कवायत’ असे. मनगटाला आणि घोट्याला बांधायच्या पट्ट्या, त्यांत लहान लहान वजनाच्या कांड्या घालायच्या. शून्यापासून २.२ किलोपर्यंत दहा टप्प्यांत भार वाढवता येतो. वस्तीतल्या सभागृहात खुर्च्या मांडायच्या, चित्रफीत लावायची, आणि तालावर हळू हात उचलायचा, हळू खाली आणायचा, पाय सरळ करायचा, खुर्चीतून उठायचे, बसायचे. आठवड्यातून एकदा-दोनदा. वर्ग वस्तीतलेच लोक चालवतात. महापालिकेची माणसे सुरुवातीला शिकवतात, मधूनमधून तपासणी करतात आणि बाजूला होतात. हा कार्यक्रम तिथून जपानच्या अनेक शहरांत पसरला. त्याची रचना करताना अमेरिकेतल्या वृद्धांच्या ताकदीच्या व्यायामांचाच आधार घेतला होता.

महाराष्ट्रात यासाठी लागणारे जवळपास सगळे आधीच आहे. ‘फेस्कॉम’ या महासंघाच्या छत्राखाली गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांच्या सभा होतात, वाढदिवस होतात, आरोग्यावर व्याख्याने होतात. नगरपालिकांची विरंगुळा केंद्रे आहेत, समाजमंदिरे आहेत, देवळांचे सभामंडप दुपारी रिकामे असतात. १९९५ साली मुंबईत डॉ. मदन कटारिया यांनी बागेत मूठभर माणसांना घेऊन हास्यक्लब सुरू केला तो बघता बघता जगभर गेला, म्हणजे म्हातारी माणसे एकत्र जमून शरीर हलवायला लाजतात हे खरे नाही. बागांमधल्या ओपन जिमची यंत्रे मात्र या कामाची नाहीत. त्यांतल्या बहुतेकांवर भार बदलता येत नाही, कसे वापरायचे ते सांगायला कुणी नसते, आणि वर्षभरात त्यांना गंज चढतो. उद्घाटनाचा फलक तेवढा टिकतो. त्या पैशात एका प्रभागाला वर्षभर फिजिओथेरपिस्ट ठेवता येईल.

राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत २०२४पासून ६५ वर्षांवरच्या गरजूंना एकदा तीन हजार रुपये मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा यांसाठी. या वस्तू हव्यातच. पण काठी हातात येण्याआधीची दहा वर्षे कुणाच्याच योजनेत नाहीत. साठीला प्रत्येकाची खुर्चीतून उठण्याची, एका पायावर उभे राहण्याची आणि चालण्याच्या वेगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी. रक्तदाब मोजतात तितक्याच सहज ती करता येते. खुर्ची आणि घड्याळ पुरते.

२०११च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३च्या अहवालानुसार २०५०पर्यंत ते सुमारे पस्तीस कोटी होतील, म्हणजे दर पाच माणसांमागे एक. एवढ्या माणसांना अंथरुणावर सांभाळायला ना घरांत माणसे असतील, ना सरकारकडे खाटा.

तेव्हा ज्येष्ठ नागरिक संघांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. पुढच्या मासिक सभेत व्याख्यान ठेवू नका. पाठ सरळ राहील अशा, हात नसलेल्या पंधरा खुर्च्या भिंतीला टेकवून मांडा. शिंप्याकडून अर्ध्या आणि एक किलोच्या वाळूच्या पिशव्या शिवून घ्या, घोट्याला बांधता येतील अशा. गावातल्या फिजिओथेरपिस्टला पहिले चार आठवडे बोलवा. आठवड्यातले दोन दिवस ठरवा, आणि वेळ अशी ठरवा की घरातल्या बायकांना येता येईल. पहिल्या दिवशी प्रत्येकाने अर्ध्या मिनिटात किती वेळा खुर्चीतून उठता येते ते वहीत लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे.